धाब्याचं घर आहे, छप्पर बदलायचंय. पत्रा, कौल की स्लॅब? खर्च सांगा

बोरीकाठ:
राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यात गावात आमचं जुनं घर आहे. पुढचा भाग पणजोबांच्या वेळचा, धाब्याचा, सागाचे खांब, वर सर (मोठी तुळई), कड्या, किलचण (काटक्या-फळ्यांचा थर) आणि त्यावर फूटभर माती. मागे दोन खोल्या वडिलांनी १९९८ ला काढल्या त्या विटा-सिमेंटच्या, त्यावर साधा पत्रा. पुढचं ५०० स्क्वेअर फूट धरा आणि मागचं २००. दरवर्षी आखाजी (अक्षय तृतीया) झाली का धाब्यावर खारी माती टाकायची, आता ते काम करणारा माणूसच मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून वाटतं आपणच गावी राहून हा धंदा करावा. मागच्या पावसाळ्यात ओट्याकडच्या खणात गळून गळून दोन कड्या कुजल्या, वाळवी पण दिसतेय. आई-वडील तिथंच राहतात, मी पुण्याला.
तीन जणांना विचारलं. एक म्हणे १८० रुपये फूट, दुसरा म्हणे साडेतीनशे, तिसरा म्हणे घर पाडा आणि नवीनच बांधा. बजेट ओढूनताणून ४ लाख. पावसाच्या आत व्हायला पाहिजे. कोणी केलं असेल तर नीट हिशोबासकट सांगा प्लीज.

भरीत_पार्टी:
भो पहिले हे सांग, खारी टाकायला पुण्याहून येतो का भरीत खायला येतो 😄
जोक सोड. आमचं सिमेंटच्या पत्र्याचं आहे, चोपड्याकडे. २८ रुपये फुटाने घेतले होते, सगळ्यात स्वस्त. साध्या लोखंडी पत्र्याएवढे तापत नाहीत, पावसाचा आवाज कमी. गारपीट झाली तेव्हा मात्र पाच-सहा फुटले.

अनेर_डॅम:
सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. आजच्या काळात कोणी हे सुचवतं का? कितीतरी देशांत बंदी आहे त्याच्यावर.

भरीत_पार्टी:
दुकानात उघड विकी राहिले साहेब, आपल्याकडे बंदी नाही.

अनेर_डॅम:
बंदी नाही म्हणून चांगलं झालं का? धोका कापताना आणि फुटल्यावर असतो, त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. गारपिटीत फुटलेले तुकडे तुम्ही काय केले? बहुतेक गोठ्यात नाहीतर उकिरड्यावर. घरावर आहेत ते राहू द्या पण त्यांना छिद्रं पाडणं, ग्राइंडर लावणं, घासून साफ करणं हे करू नका. काढायचेच झाले तर ओले करून अख्खे उतरवा. ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्रा पण मिळतो, थोडा महाग, दुकानदाराला स्पष्ट विचारा.

भरीत_पार्टी:
तुकडे गोठ्यातच आहेत. बघतो.

पांझराकाठचा_मिस्त्री:
बोरीकाठ भाऊ, तुम्हाला तीन वेगळे भाव मिळाले कारण तिघांनी तीन वेगळी घरं डोक्यात धरली. छपराचा भाव छपरावर ठरत नाही, खाली कसली भिंत आहे त्यावर ठरतो. ते कोणी बघितलं का? नसेल बघितलं. फोनवर भाव दिला असेल.

आता तुमचा पुढचा भाग बघू. ५०० फुटावर फूटभर माती म्हणजे ५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), कोरडी धरली तरी बावीस-तेवीस टन. आणि ५०० फुटाचा ५ इंची स्लॅब भरतो साधारण १५ टन. म्हणजे स्लॅब मातीपेक्षा हलका! हे ऐकून लोक म्हणतात मग काय, टाका स्लॅब. पण ती माती इतकी वर्षं भिंतीने पेललीच नाही, पेलली खांबांनी. धाब्याच्या घराची भिंत ही फक्त आडोसा असते, भिंत पडली तरी घर उभं राहतं ते त्यामुळे. तुम्ही खांब काढून १५ टन मातीच्या भिंतीवर ठेवले तर काय होईल ते सांगायला इंजिनिअर नको. म्हणून पुढे स्लॅब म्हणजे खड्डे, फुटिंग, कॉलम, बीम, आणि एवढं झाल्यावर मातीच्या भिंती कोण ठेवतो, त्याही जातात. तिसरा माणूस "घर पाडा" म्हणाला तो लबाड नव्हता, फक्त पुढचं सगळं एका वाक्यात बोलला. ४ लाखात ते बसणार नाही.

पुढच्या भागाला पत्रा हाच रस्ता आहे, त्याचा हिशोब असा. उतार आणि बाहेरची वळचण धरून ५०० चे ५८० फूट पत्रे लागतील. कलर कोटेड, चांगल्या कंपनीचा ०.५० एमएम आज ५५ च्या आसपास मिळतो, म्हणजे ३२ हजार. आता खाली लोखंड. चौकोनी पाईप आणि अँगल फुटाला २ किलो धरा, टन भर झालं, वेल्डिंग मजुरीसकट ९५ रुपये किलो, झाले ९५ हजार. बघा, लोक पत्र्याच्या दुकानात दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात आणि त्याच्या तिप्पट पैसा लोखंडात जातो तिथं वजनाची चिठ्ठी पण मागत नाहीत. वेल्डिंगवाल्याला सांगायचं, माल काट्यावर माझ्यासमोर, आणि पाईप किती जाडीचा ते कोटेशनवर लिहून दे. फुटावर काम दिलं का तो पाईप पातळ करतो, किलोवर दिलं का नको तिथं लोखंड घुसवतो. मी किलोवर देतो पण ड्रॉइंग आधी काढून.
बसवणूक, स्क्रू, कोना (शेंड्यावरची पट्टी), पन्हाळी मिळून १८-२० हजार. माती उतरवून ट्रॅक्टरने टाकणं वेगळं, त्याचे गावात काय घेतात तुम्ही विचारा, पण १५ हजाराच्या खाली होणार नाही.

बोरीकाठ:
मिस्त्री भाऊ खूप खूप आभार. म्हणजे पुढचं १ लाख ६०-६५ हजार. साडेतीनशे रुपये फूट सांगणारा मग बरोबरच निघाला म्हणायचा?

पांझराकाठचा_मिस्त्री:
माती उतरवणं आणि पन्हाळी त्याने धरली का विचारा. नसणार.

लेवा_सून:
मी पत्र्याखाली नऊ वर्षं राहिले, यावल तालुक्यात, म्हणून बोलतेय. सगळे पुरुष इथं टन आणि एमएम करी राहिले, मे महिन्यात दुपारी १२ ते ४ पत्र्याखाली स्वयंपाक करून दाखवा मग बोलू. जळगाव-भुसावळला ४५ म्हणजे नेहमीचंच झालंय. फॅन लावला तर वरून गरम हवा डोक्यावर आदळते. धाब्याखाली हाच उन्हाळा कळायचा नाही, माती दिवसभर ऊन पिऊन घ्यायची आणि खाली येईपर्यंत संध्याकाळ व्हायची.
आणि दुसरं कोणी बोलतच नाही. धाबं गेलं म्हणजे वरची जागा गेली. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, धुतलेले गहू कुठे वाळत घालणार? उन्हाळ्यात रात्री झोपणार कुठे? आमच्या सासूबाईंनी पत्रा झाल्यावर पहिल्या वर्षी शेजारच्यांच्या गच्चीवर कुरडया घातल्या, दुसऱ्या वर्षी शेजारीण म्हणाली आमच्याच घालायच्या आहेत. मग विकतच्या आणायला लागलो. घरात जी बाई आहे तिला विचारलं का दादा तुम्ही? तुमच्या आईंना?

बोरीकाठ:
ताई खरं सांगू तर नाही विचारलं. आज फोन करतो.

गिरणा_थडी:
माले इचारा. पत्राखाले उन्हायामा जीव भाजी जास भो. आम्ही खाले ज्वारीना पोता शिवीसन बांधेल शेतस 😂

तोरणमाळ_हवा:
नंदुरबारकडून. आमच्याकडे मंगलोरी कौल केलंय, दोन वर्षं झाली, त्यामुळे कौलाबद्दल कोणी बोललं नाही ते मी लिहितो. १०० फुटाला साधारण १४०-१५० कौल लागतात, म्हणजे तुमच्या ५८० फुटाला साडेआठशेच्या आसपास, फूटतूट धरून नऊशे घ्या. मोरबीचा माल आम्हाला पोच ३४ रुपये पडला. जुनी कौलं पडलेल्या शाळेची, कारखान्याची मिळतात, अर्ध्या भावात, पण एकाच छापाची बघून घ्या, वेगळ्या छापाची एकमेकांत बसत नाहीत आणि मग सगळीकडून गळतं. एक कौल अडीच-तीन किलोचं, म्हणजे पत्र्यापेक्षा खालचा सांगाडा मजबूत पाहिजे आणि पट्ट्या जवळजवळ पाहिजेत, लोखंड जास्त जातं. उतार पण चांगला खडा लागतो, कमी ढाळ दिला का वाऱ्याचं पाणी आत ढकलतं. सगळं मिळून पत्र्याच्या दीडपट झालं आमचं.
घर गार, हे शंभर टक्के. कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते. पण वानरं! आमच्याकडे सातपुड्यातून टोळी उतरते, एकदा घरावरून गेली का १०-१२ कौलं गेली. वडील वर चढायचे बदलायला, आता त्यांचं वय नाही. तुमच्या गावात वानरं येत असतील तर कौलाचं नावच काढू नका. नसतील तर जरूर विचार करा.

बोरीकाठ:
वानरं येतात. केळीचे ट्रॅक्टर असतात तेव्हा जास्त.

तोरणमाळ_हवा:
मग विषय संपला.

एमआयडीसी_जळगाव:
पफ पॅनेल बघा ना. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असतो, कोल्ड स्टोरेजला वापरतात तेच. ५० एमएमचा १५० रुपये फूट च्या आसपास सांगतात, म्हणजे साध्या पत्र्याचे ३२ हजार होते तिथे ८७ हजार. ५५ हजार जास्त जातात पण खाली वेगळं सीलिंग लागत नाही, पावसाचा आवाज नाही. आमच्या ऑफिसवर आहे, दुपारी साध्या पत्र्याच्या शेडमधून आत आलं का फरक अंगाला कळतो. फक्त कापलेल्या कडा नीट बंद करून घ्या, उघड्या राहिल्या तर उंदीर त्या फोममध्ये घर करतात. आणि ३० एमएम देऊन ५० चे पैसे लावणारे पण आहेत, टेप घेऊन जा.

अनेर_डॅम:
यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) पत्रा पण निघालाय, गंजत नाही, आवाज कमी. गावात घरावर मी नाही टाकणार, गारा मोठ्या पडल्या का तडकतो.

लेवा_सून:
पफ ला पैसे नसतील तर वरून पांढरा रंग मारा. कूल रूफ पेंट मिळतो, नाहीतर चुना आणि त्यात फेव्हिकॉल. आमच्याकडे चुन्याने पण पंखा लावून बसण्याइतकं झालं. चुना दरवर्षी मारावा लागतो हे लक्षात ठेवा, पाऊस धुऊन नेतो. आणि कलर कोटेड घेणारच असाल तर गडद निळा-लाल कशाला घेता, पांढरा किंवा फिकट क्रीम घ्या, किंमत तीच. सगळ्या गावाला निळाच पाहिजे असतो.

जुनं_सागवान:
कोणी सागवानाबद्दल का बोलत नाहीये?? पणजोबांच्या वेळचा साग आहे म्हणता, सातपुड्यातला पक्का माल असेल. असली घरं घ्यायला व्यापारी फिरतात, ते "सगळं लाकूड उचलून नेतो आणि माती उतरवून देतो, वर २५ हजार देतो" असं बोलतात आणि माणूस खूश होतो. असा उक्ता सौदा अजिबात करू नका. प्रत्येक सर, कडी, खांब मोजा, घनफूट काढा आणि घनफुटावर भाव बोला. जुन्या सागाला घनफुटाला हजारांत भाव आहे. कुजलेला भाग वेगळा करून. आणि वाहतुकीच्या पासचं काय ते वनखात्यात आधी विचारून ठेवा, नाहीतर गाडी रस्त्यात अडकते.
कोरीव काम असलेले खांब, तुळईचे घोडे असतील तर ते जळाऊ लाकडाच्या ढिगात जाऊ देऊ नका एवढीच विनंती.

पांझराकाठचा_मिस्त्री:
सागवान भाऊंचं बरोबर आहे पण मी वेगळं सांगतो, खांब विकूच नका. दोन कड्या कुजल्या म्हणजे सगळं लाकूड गेलं असं नाही. प्रत्येक खांबाला खालून गुडघ्यापर्यंत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, वाळवी तिथूनच चढते. आवाज बद्द आला, टोक आत गेलं, तर तो खांब बदलायचा. बाकी टणक असतील तर त्याच खांबांवर पत्र्याचा सांगाडा बसवा. आधी २३ टन पेलत होते, आता सव्वा-दीड टन येणार, त्यांना काहीच नाही. लोखंड वाचेल, टनाचं ६००-७०० किलोवर येईल.

पण ह्यात एक गोम आहे. इतकी वर्षं घराला वजन खाली पेलायचं होतं. आता प्रश्न उलटा होतो, छप्पर वर उडतंय. मे-जूनमध्ये आपल्याकडे वादळ कसं येतं माहितीये, केळीच्या बागा झोपतात. धाब्याचा खांब जमिनीत गाडलेला नसतो, तळखड्यावर (खालच्या दगडावर) नुसता ठेवलेला असतो. वरच्या मातीच्या वजनाने तो जागेवर राहतो. माती काढली का तो मोकळा. पत्र्याखाली वारा घुसला तर पत्रा, पाईप, खांब सगळं एकदम उचलायला बघतं. म्हणून खांबाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी, आरपार बोल्ट, आणि पट्टी खाली काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलेली. वर पाईप आणि सर यांना पण तशीच पट्टी. मातीच्या भिंतीत बोल्ट ठोकून पाईप बांधायचा नाही, पहिल्या वादळात मातीसकट बाहेर येतो. हे काम पाच-सात हजारांचं आहे आणि कोणीच करत नाही. मग पत्र्यावर दगड ठेवतात. वादळात पत्रा उडाला तर तो दगड कोणाच्या डोक्यात जाईल?

स्क्रू बद्दल पण लिहितो. रबर वायसरवाला सेल्फ स्क्रू घ्या. कडेच्या आणि कोन्याच्या ओळीला दाट लावा, वारा तिथूनच पत्रा उचकटतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच वाहतं आणि तिथूनच टपकतं. आणि फार आवळायचा नाही, वायसर चिरडला का दोन वर्षांत गळतो.

पिंपळगाव_हरे:
ग्रामपंचायतीचं बघितलं का? धाब्याचं काढून पक्कं बांधकाम केलं तर घरपट्टीचा वर्ग बदलतो, थोडी वाढते. फार नाही पण नमुना आठला (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद नीट करून घ्या. घरकुल बसत असेल तर बघा, प्रधानमंत्री आवास ग्रामीणला मैदानी भागात १ लाख २० हजार मिळतात, डोंगरी-दुर्गम भागाला १ लाख ३०. पण ते कच्चं घर असलेल्यांना, यादीत नाव पाहिजे, आणि नवीन घर किमान २५ चौरस मीटर. तुमच्या मागे पक्क्या खोल्या आहेत, त्यामुळे अवघड वाटतं.
सोलरचं अनुदान मात्र कोणालाही आहे, घराचं लाईट कनेक्शन पाहिजे. पीएम सूर्यघर, ३ किलोवॅटला ७८ हजार. किलोवॅटला १०० फूट जागा लागते. पत्र्यावर पण बसतं. ते करायचं असेल तर मिस्त्रीला आत्ताच सांगा, नंतर पाईप कमी पडले म्हणायला नको.

बोरीकाठ:
आईशी बोललो. ती म्हणे पत्रा टाक नाहीतर सोन्याचं टाक, मला वर वाळवणाला जागा पाहिजे. बाबा म्हणतात मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकू. मिस्त्री भाऊ, मागे भिंती ९ इंची आहेत, विटा सिमेंट, लिंटेल पण आहे. चालेल का?

पांझराकाठचा_मिस्त्री:
तुमच्या आईंनी इंजिनिअरची फी वाचवली. ९ इंची, सिमेंटमध्ये, भेगा नसतील आणि पाया खचलेला नसेल तर चालतं. तरी एकदा माणूस आणून पाया एका जागी उकरून बघायला लावा, नुसतं वरून हात फिरवून "चालेल" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
२०० फुटाला ५ इंची स्लॅब म्हणजे १९-२० गोण्या सिमेंट, सव्वादोन-अडीच क्विंटल सळई, सेंट्रिंग-मजुरी धरून ५५ हजार. वाळूचा भाव लिलाव होतात का नाही त्यावर, आज काय आणि उद्या काय, तो मी सांगत नाही. सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय सप्टेंबर २०२५ पासून, जुन्या भावाचं कोटेशन घेऊन कोणी आला तर विचारा. जिना आणि कठडा धरून ८५-९० हजारात बसवा. वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून पांढऱ्या फुटक्या टाइल्स लावा, उन्हाला चांगलं, आणि वाळवणाला पण स्वच्छ.

फक्त आत्ता करू नका. मे महिन्यात ४४ डिग्रीला स्लॅब टाकला का संध्याकाळपर्यंत वर भेगा. स्लॅबवर आळी करून १०-१४ दिवस पाणी उभं ठेवावं लागतं आणि त्या दिवसांत तुमच्या गावाला नळ किती दिवसाआड येतो? दिवाळीनंतर टाका. मागचा पत्रा तोवर आहेच. पुढचं धाबं मात्र पावसाआधी उतरवा, कुजलेल्या कडीवर ओली माती म्हणजे खाली माणसं झोपलीत हे विसरू नका.

लेवा_सून:
आईंना नमस्कार सांगा 🙏

एमआयडीसी_जळगाव:
मग पुढे पफ टाका, बजेटमध्ये बसतंय. खांब वापरले तर लोखंडात वाचलेले ३० हजार तिकडे.

बोरीकाठ:
हो, पफ चा विचार चाललाय. पुढचं २ लाख १५-२० हजार, मागचं ९० हजार दिवाळीनंतर. खांब टोचून बघायला शनिवारी जातोय. अजून काही राहिलं का?

पांझराकाठचा_मिस्त्री:
पाणी कुठे सोडणार? धाब्याचं पाणी आज कुठल्या पन्हाळीने कुठे पडतं?

बोरीकाठ:
मागे आमच्याच अंगणात.

पांझराकाठचा_मिस्त्री:
मागे उद्या स्लॅब येणार, त्यावर पुढचं पाणी सोडता येणार नाही. म्हणजे उतार बाजूला द्यावा लागेल, आणि बाजूला शेजाऱ्याचं घर असेल. वळचण त्याच्या हद्दीत गेली किंवा पाणी त्याच्या ओट्यावर पडलं का सगळ्या हिशोबाचं वाटोळं. पन्हाळी ६ इंची घ्या, ४ इंचीतून आपला पहिला पाऊस मावत नाही, आणि पाईप खालपर्यंत आपल्याच जागेत आणा. काम सुरू करायच्या आधी शेजाऱ्याला दाखवून घ्या. कोण आहे शेजारी?

बोरीकाठ:
सख्खे काका. १२ वर्षं बोलणं नाही.

भरीत_पार्टी:
भो ह्याचा रेट कोणाकडंच नाही 😂😂